आमच्याकडे पुराचं पाणी येत नाही, मग घराचा विमा कशाला? (गोवेकरांनी जरूर लिहा)

वाळवंटीकाठ
मंडळी, पाऊस तोंडावर आलाय म्हणून हा धागा काढतोय. आमचं घर साखळीत, बाजाराच्या मागच्या अंगाला. खाली किराणा दुकान आणि गोदाम, वर बिऱ्हाड. नदीला भिंत झाली, पाणी उपसायचे पंप बसले, तेव्हापासून घरात एकच पालुपद: आता कसलं पाणी येतंय? धाकटा भाऊ तर म्हणतो, विम्यात घालायच्या पैशांत गोदामाला नवीन शटर बसवू.

मला ते पटत नाही. भिंत काय, पंप काय, एका मापाच्या पाण्यासाठी असतात. त्याहून जास्त आलं किंवा ऐन वेळी पंप रुसला, तर आत साठलेलं पाणी बाहेर जायला तीच भिंत आडवी. २३ जुलै २०२१ आठवा. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, पेडणे, एकाच वेळी सगळीकडे हाहाकार. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असं तेव्हा मुख्यमंत्रीच म्हणाले होते. त्यावरून भावाने गणित मांडलं: चाळीस वर्षांतून एकदा येतो, म्हणजे आता २०६०पर्यंत झोपा.

पावसाला असलं कॅलेंडर नसतं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात, तो दरवर्षी एक टक्का शक्यतेचा पूर. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. आणि तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता धरली तर जाते २६ टक्क्यांवर. चारात एक. घराला आग लागण्याची भीती आपण याहून किती तरी जास्त बाळगतो.

तर विचारायचं हे, की घराच्या विम्यात पूर येतो का, कुणी घेतलाय का, आणि वेळ आल्यावर पैसे हातात पडतात का? ऐकीव नको, अनुभव लिहा.

तिळारीखालचा
साळ गावाहून. आमच्याकडे पूर बघायला आभाळाकडे नव्हे, दोडामार्गाकडे बघावं लागतं. तिळारीचं धरण महाराष्ट्रात, सोडलेलं पाणी शापोरा नदीने आमच्या दारात. ऑगस्ट २०१९ मध्ये गावात पाणी शिरलं, २०२१ मध्ये परत. पाऊस उघडलाय म्हणून माणसं निर्धास्त होतात आणि धरणाचं पाणी नंतर येतं. इब्रामपूर, हणखणेवाल्यांनाही हे सांगायला नको. नदीला किती वर्षांनी पूर येतो ते विचारून आमच्याकडे भागत नाही, दरवाजे कधी उघडणार ते विचारावं लागतं.

विमा नाही घेतलेला. एजंट गावात येतो तो आयुर्विमा विकायला. घराचा विकायला आलेला एकही बघितला नाही.

मळ्यातला
पणजीचा मळा, म्हणजे शहरातला सखल भाग, म्हटल्यावर बाकी सांगायला नकोच. पण आमची गंमत अशी की आमच्याकडे नदी घरात येत नाही, गटार येतं. भरती आणि मोठी सर एका वेळी आली की पाण्याला खाडीत उतरायला वाट नसते, ते तिथेच फुगतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास रेड अलर्ट असला की आई भरतीची वेळ बघून फ्रिजखाली विटा लावते.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. आजोबांनी घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून वर यावं लागायचं. दर निवडणुकीला रस्त्यावर डांबराचा थर चढला, जोतं होतं तिथेच राहिलं. आज एक पायरी उरली आहे, तीही अर्धी. ‘आमच्याकडे पूर्वी कधी पाणी आलं नव्हतं’ हे आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्याचा आज काडीचा उपयोग नाही.

माझा प्रश्न: गटाराचं पाणी हा विमा कंपनीच्या लेखी पूर असतो का?

जुना_सर्व्हेअर
नमस्कार. विम्याच्या नुकसानीची पाहणी हा माझा व्यवसाय होता. आता काम बंद केलंय, कुणाला पॉलिसी विकायची नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पूर येतो. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी द्यायला लावली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड कोसळणं, टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं मूळ पॉलिसीतच. पुरासाठी वेगळा कागद लागत नाही. मळ्यातला, तुमचं पाणी नदीचं की गटाराचं यावरून वाद होऊ नये. बाहेरून पाणी येऊन घर जलमय झालं, बस. मात्र कौलं फुटकी म्हणून वर्षानुवर्षं गळतंय, भिंतीला ओल चढलीय, असलं काही पुरात घुसडायला गेलात तर सर्व्हेअर ओळखतो. जुनी ओल आणि परवाची ओल दिसायलाच वेगळी असते.

आता रकमेबद्दल, कारण गोव्यात सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. घराचं कार्पेट क्षेत्रफळ गुणिले आज तसंच बांधायला येणारा खर्च, एवढीच रक्कम. लोक दलालाने सांगितलेला दीड कोटीचा भाव धरून येतात आणि हप्ता ऐकून परत जातात. त्या दीड कोटीत सव्वा कोटीची जमीन असते! बांधकामापुरता विमा घेतलात तर वर्षाचा हप्ता चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) आणि बाजाराच्या खर्चाहून कमीच निघेल.

घराची पॉलिसी घेतली की आतल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण यादी न देता मिळतं. त्याहून जास्त हवं तर यादी द्या. दागिने, चित्रं वगैरे मौल्यवान वस्तू वेगळ्या सांगाव्या लागतात.

वाळवंटीकाठ, तुमच्या दुकानातला माल घराच्या पॉलिसीत बसणार नाही. त्याला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. एकाच इमारतीत खाली एक आणि वर एक, अशा दोन पॉलिसी. आणि दुकानात रक्कम कमी सांगायची चलाखी करू नका. घराला कमी रकमेचा दंड लागत नाही, दुकानाला लागतो; १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ, पुढे त्या प्रमाणात कपात. दहा लाखांचा माल पाच लाख सांगितलात आणि चार लाखांचा भिजला, तर हातात साधारण दोनच पडतील.

वाळवंटीकाठ
काका, मनापासून आभार. दोन पॉलिसी हे डोक्यातच आलं नव्हतं. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, ‘देणार नाहीत, कायतरी खुसपट काढणार.’

कंटाळलेला_करदाता
तुमचा भाऊ बरोबर बोलतो. माझ्या ओळखीत एकाला एका कंपनीने इतके कागद मागितले की त्याने नाद सोडला. आणि मुळात हा विषयच उलटा चाललाय. शेतं बुजवायची परवानगी कुणी द्यायची, डोंगर कापायला कुणी द्यायचा, व्हाळ (ओढा) अडवून कंपाउंड कुणी घालायचं, आणि प्रीमियम मात्र आम्ही भरायचा? पूर आला तर सरकार देईल भरपाई. त्यासाठीच कर भरतो.

खाजनातली
करदाते, तुमच्या रागाशी मी सहमत आहे, पण भरपाईचा आकडा बघितलात का कधी? आपत्ती निधीतून मदत द्यायला केंद्राने २०२२ ते २०२६साठी निकष ठरवले होते. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. अंशतः नुकसान असेल, म्हणजे किमान १५ टक्के तरी, तर पक्क्या घराला ६,५०० रुपये. साडेसहा हजार! त्यात एक खोली रंगवून होत नाही. आणि ही मदत आहे, भरपाई नव्हे. घरात काय होतं, किती होतं हे कुणी विचारतच नाही.

आता तुमच्या रागाचं. आमचं घर तिसवाडीत, खाजन शेतीच्या काठाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीच्याही खाली असलेली शेती. बाहेर नदी, मध्ये बांध, बांधाला मानस. भरतीला मानशीची दारं पाण्याच्या रेट्यानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. म्हणजे गावावर पडलेला पाऊस ओहोटी होईपर्यंत शेतात थांबून राहतो. हे थांबणं फार महत्त्वाचं. शेत म्हणजे गावाचं उंबऱ्याबाहेरचं पडवी-अंगण समजा, पाणी तिथे टेकतं आणि मग जातं. त्यावर चिऱ्यांचा भराव घालून बंगला उभा राहिला की तेच पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात टेकतं. बंगलेवाल्याचं जोतं उंच, त्याला काही होत नाही.

बांध फुटला तर आणखी वेगळी तऱ्हा. खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षीचं भात तर गेलंच, पण जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचा चांगला पाऊसही कमी पडू शकतो. घराच्या विम्यात यातलं काही येत नाही. पिकाला पंतप्रधान पीक विमा आहे, खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के शेतकऱ्याचा वाटा, पण आपलं पीक आणि आपला भाग अधिसूचित आहे का ते विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारा. आणि राज्याचा शेतकरी आधार निधी आहे, त्याचा अर्ज तिथेच.

बांधासाठी ग्रामसभेत भांडायचं, ते मी दरवर्षी भांडते. पण भांडण चालू असताना पाऊस थांबत नाही ना!

मुंडकाराचा_नातू
सगळं ठीक, पण विमा कुणाच्या नावावर? आमचं घर पणजोबांच्या काळातलं. घरपट्टी थोरल्या काकांच्या नावे, ते वारले. वीजबिल बाबांच्या नावे. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, झालेली नाही, वारसांतले निम्मे मुंबईत, एक आत्या पोर्तुगालला. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), आम्ही तिच्यावर घर करून राहणारे मुंडकार, एक-चौदाच्या उताऱ्यावर (इथला सातबारा) इतर हक्कांत कुठेतरी. एजंटला एवढं सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुम्ही टर्म इन्शुरन्स घ्या.’

मळ्यातला
हाहाहा! अर्ध्या गोव्याची हीच कथा.

जुना_सर्व्हेअर
हसण्यावारी नेऊ नका, खरी अडचण हीच आहे.

विमा उतरवायला मालकीचा निर्भेळ उतारा लागतोच असं नाही. ती वस्तू गेली तर तुमचं आर्थिक नुकसान होतं, एवढा संबंध हवा. मुंडकाराने घाबरायचं कारण नाही, कारण वर म्हटलं तसं, विमा जमिनीचा नसतोच. घर तुमचं, बांधकामाचा विमा तुमचा. मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंद झालेली असेल तर कागद आणखी भक्कम. सामान तर सर्वस्वी तुमचंच आहे, भाडेकरूसुद्धा नुसत्या सामानाचा विमा घेऊ शकतो.

खरी गोची सामाईक घरात पैसे वाटताना होते. पॉलिसी एका भावाच्या नावाने, दावा मंजूर होतो आणि मग कंपनी विचारते, बाकीच्या हिस्सेदारांचं काय? पाणी ओसरलेलं असतं, घरात चिखल असतो, आणि तुम्ही आत्याच्या सहीसाठी लिस्बनला फोन लावत बसता. म्हणून अर्जातच लिहा की घर सामाईक आहे, हिस्सेदार अमुक अमुक. शक्य असेल तर सगळ्यांची नावं घाला, नाहीतर संमतीपत्र आधीच करून ठेवा. लपवलेलं निघालं की दावा अडकतो; सांगितलेलं असेल तर अडवणं कठीण जातं. बंद घरांचंही तसंच. वर्षातून चवथीलाच उघडत असाल तर तसं कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

आता ‘देत नाहीत’ या आरोपाकडे येतो. दावे अडतात, खोटं कशाला बोलू. पण माझ्यासमोर अडलेले बरेचसे दावे पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत अडले. पाणी गेलं की आपण काय करतो? झाडू घेतो. सगळं धुऊन, भिजलेलं उकिरड्यावर टाकून, फरशी लख्ख करून मग सर्व्हेअरला बोलावतो. तो येऊन काय बघणार?

भिंतीवर पाण्याची रेघ उठते. चिऱ्याच्या बिनगिलाव्याच्या भिंतीवर ती पटकन दिसत नाही, पण चुन्याच्या सफेदीवर तांबडी रेघ सरळ दोरी मारल्यासारखी असते. मी पहिल्यांदा तिथे टेप लावायचो. मग फ्रिजचा कॉम्प्रेसर रेघेच्या खाली की वर, मिक्सर ओट्यावर होता की खाली, कपाटाची प्लाय कुठपर्यंत फुगलीय, हे सगळं त्या रेघेशी जुळवून बघायचं. किराणा दुकानात वरची पोती कोरडी दिसतात. पण खालच्या थरात तांदळाच्या पोत्यांमध्ये हात घाला, आतून गरम लागतं. भिजलेलं धान्य तापतं. ते पोतं फेकून दिलंत तर पुरावा गेला. तेव्हा रेघ पुसू नका, टेप लावून फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, कुजणारं बाजूला काढायचंच असेल तर मोजून, फोटो काढून आणि कंपनीला सांगून काढा. बाकी माल वाचवायची धडपड मात्र करायचीच, हात बांधून बसलात तर तेही अंगाशी येतं.

बिलं भिजली म्हणून दुकानदार रडतात. जीएसटीत नोंद असलेल्यांनी रडू नये, पुरवठादारांनी भरलेली विक्री तुमच्या खात्यावर दिसते. घरासाठी आताच, कोरड्यात, मोबाईल घेऊन खोलीखोलीचा व्हिडिओ करा, कपाटं उघडून. आणि तो फक्त फोनमध्ये ठेवू नका, परगावच्या नातेवाइकाला पाठवून द्या.

कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर दाद दिली नाही तर विमा लोकपाल आहे. गोवा पुणे कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. करदाते, तुमच्या ओळखीच्या माणसाने नाद सोडला नसता तर बरं झालं असतं. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाची मुदत असते, ती उलटली नसेल तर अजून सांगा त्याला.

पर्वरीची_पल्लवी
गाडीचंही लिहून टाकते, कारण फ्लॅटवाल्यांचं पहिलं नुकसान पार्किंगमध्ये होतं. थर्ड पार्टी विम्यात पुराचे शून्य रुपये. ‘ओन डॅमेज’ असेल तर मिळतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं, तर साध्या पॉलिसीत इंजिन बसत नाही, त्याला वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. चावी फिरवू नका, टोइंगवाल्याला बोलवा. संपलं.

सोसायटीत आणखी एक विचारा: इमारतीची, लिफ्टची, तळमजल्यावरच्या मीटरपेटीची पॉलिसी सोसायटीने घेतलीय का? बऱ्याच ठिकाणी कमिटीला माहीतच नसतं.

न्यूजर्सीतला_फोंडेकार
सावध! अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो, बहुतेकदा १९६८पासूनच्या सरकारी योजनेतून, आणि घेतल्यावर सहसा तीस दिवस थांबावं लागतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर इथलेच लेख फिरतात आणि फोंड्यातला चुलता म्हणतो, ‘आपल्या पॉलिसीत पूर नाही म्हणे!’ इथलं इथे, तिथलं तिथे. तुमच्या हातातल्या कागदावर काय छापलंय तेवढंच बघा.

तळपणकाठ
काणकोणातून एक भर. २ ऑक्टोबर २००९. पावसाळा संपल्यातच जमा होता, आणि डोंगरातून पाणी, माती, झाडं एकदम खाली आली. तळपण, गालजीबाग, दोन्ही नद्या फुगल्या. आमच्यासारख्यांना नदीची भीती होती, घरं गेली ती डोंगराकडून आलेल्या लोंढ्यानेही. म्हणून ‘नदीपासून किती लांब’ हा एकच प्रश्न विचारून थांबू नका. घराच्या वर काय आहे, ते कुणी कापलंय का, पाणी उतरायच्या वाटेवर आपण बसलोय का, हेही बघा.

सर्व्हेअरकाका, नदीने काठ खाल्ला आणि घर कललं तर?

जुना_सर्व्हेअर
चांगलं विचारलंत. दरड कोसळणं, जमीन खचणं यात संरक्षण आहे, पण नदीने किंवा समुद्राने हळूहळू काठ खाल्ल्यामुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. भरावाची जमीन दबली आणि भिंतीला तडे गेले, तेही नाही. म्हणजे खाजनात भराव घालून बांधलेल्या बंगल्याला जोत्याच्या उंचीने पुरापासून वाचवलं तरी घर खचल्यावर पॉलिसी हात वर करणार. खाजनातली ताई, तुमच्या शेजाऱ्याला हे आवडणार नाही!

खाजनातली
प्रिंट काढून त्यांच्या गेटला लावते.

कंटाळलेला_करदाता
साडेसहा हजारांचा आकडा खरंच माहीत नव्हता. तरीही म्हणेन, प्रत्येक घराने विमा घेतला तर भरावाला परवानगी देणारे आणखी निर्ढावतील. ते म्हणतील, यांचे पैसे मिळाले ना? कंपन्या तरी किती वर्षं स्वस्तात देतील?

वाळवंटीकाठ
या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. काढा, येतो.

इकडची प्रगती: बँकेत गेलो होतो. घरावर कर्ज आहे, त्या वेळी बँकेनेच एक पॉलिसी काढलेली निघाली. रक्कम बघितली तर तेव्हाच्या कर्जाएवढी, बांधकामाच्या आजच्या खर्चाच्या निम्मीही नाही. शिवाय सामानाचा रकाना रिकामा, आणि खालचा मजला दुकान आहे हे कुठेच लिहिलेलं नाही, अख्खी इमारत राहतं घर म्हणून दाखवलीय. कर्ज असलेल्यांनी आपापल्या पॉलिसीची प्रत मागून घ्या, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

दुकानाच्या पॉलिसीसाठी दोन कंपन्यांकडून लेखी आकडे मागवलेत. भाऊ आता एवढंच म्हणतोय, की गोदामातली पोती आधी फळ्यांवर चढवू.

जुना_सर्व्हेअर
फळ्या चढवाच. आणि भावालाच सांगा, मालाची वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम कधी असते ते काढ. चवथीच्या आधी गोदाम भरलेलं असतं आणि पूरही त्याच दिवसांत येतो. रक्कम त्या दिवसाची धरा, एप्रिलची नव्हे.

मुंडकाराचा_नातू
काका, शेवटचं. घरपट्टीची पावती मेलेल्या काकांच्या नावे, ती चालेल का?

जुना_सर्व्हेअर
पंचायतीत आधी नावबदलाचा अर्ज टाका आणि त्याची पोच जोडा. सोबत वीजबिल आणि वारसांची यादी. कंपनी ‘चालेल’ म्हणाली तर ते ईमेलवर मागा, फोनवरचं नको. आत्यांना मात्र आजच फोन करा, लिस्बनला आपल्यापेक्षा उशिरा उजाडतं.